रोजचं काम देवाला अर्पण कसं करावं: टप्प्याटप्प्याने

कामाला निघताना प्रार्थना, टेबलावर वचनाची पाटी, रविवारी उपासना, पगार झाला की दशांश. बरेच विश्वासणारे एवढं सगळं निष्ठेने करतात आणि तरी विचारतात, "पण कामाच्या वेळेत देवाचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. यादीतल्या चारही गोष्टी कामाच्या आधी, नंतर किंवा बाजूला घडतात. बिलं बनवताना, रुग्णाची चादर बदलताना, कोड लिहिताना, भांडी घासताना नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

शिवाय क्रमही चुकतो. लोक थेट प्रार्थनेपासून सुरू करतात. इथे प्रार्थना चौथ्या टप्प्यावर येते, आणि ती तिथेच का, हे तिसऱ्या टप्प्यात कळेल.

## पूर्वतयारी: तीन गैरसमज आधी काढा

एक वही, पवित्र शास्त्र आणि कुणी मध्ये बोलावणार नाही असा साधारण तासभर वेळ, एवढं साहित्य पुरतं. मात्र पुढचे तीन समज डोक्यात असतील तर बाकीचे टप्पे वाकडे जातात.

"काम हा शाप आहे." उत्पत्ती 2:15 मध्ये देव माणसाला एदेन बागेत मशागत आणि राखण करायला ठेवतो. शापाचा प्रसंग त्यानंतर, तिसऱ्या अध्यायात येतो. आणि तिथेही शाप पडतो तो भूमीला: काटे, कुसळे, निढळाचा घाम. म्हणजे काम मुळात चांगलं आहे, आणि ते आता त्रासही देणार आहे. दोन्ही वाक्यं एकत्र धरा. पहिलंच धरलं तर थकवा आला की अपराधी वाटतं. दुसरंच धरलं तर कामावर जाणं म्हणजे शिक्षा भोगणं होतं.

"खरी सेवा पाळकांची, आपण आपलं पोटासाठी करतो." निर्गम 31 मध्ये देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून ज्याचं नाव घेतलं आहे तो बसालेल कारागीर होता, सोनं, चांदी, पितळ, रत्नं आणि लाकूड यांचं काम करणारा. येशूला गावकरी सुतार म्हणून ओळखत (मार्क 6:3). प्रेषित पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू बनवत असे (प्रेषितांची कृत्ये 18:3). मंडळीत साक्ष द्यायला नेहमी सुवार्तिकांनाच उभं करतात, गवंड्याला किंवा परिचारिकेला क्वचितच. त्याने हा समज आणखी घट्ट होतो.

"चांगलं काम केलं की देव माझ्यावर प्रसन्न होईल." इफिसकरांस 2:8-10 सलग वाचा. तारण कृपेने, कर्मांनी नाही. आणि लगेच पुढे, सत्कर्मं करण्यासाठी आपली निर्मिती झाली. कृपा आधी, काम नंतर. हा क्रम उलटा झाला की माणूस ऑफिसातही देवाकडून बढती मिळवायच्या मागे लागतो.

तपासा: उद्या तुमचं काम गेलं, तर देवाच्या नजरेत तुमची किंमत कमी होईल असं वाटतं का? उत्तर "हो" असेल तर तिसरा समज अजून आत आहे. पुढे जायच्या आधी त्या तीन ओव्या चार-पाच दिवस रोज वाचा.

## टप्पा 1: विश्रांतीपासून सुरू करा

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. माणूस सहाव्या दिवशी घडवला गेला, म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस विश्रांतीचा होता. आपण विश्रांतीला कामाची भरपाई समजतो: दमलो म्हणून थांबलो. इथे ती सुरुवातीला आहे.

व्यवहारात दोन गोष्टी करा. रोज काम थांबवायची वेळ ठरवा. झोप हा उद्याच्या कामाचा पहिला भाग आहे असं समजूनच ठरवा. मग आठवड्याची सुट्टी कॅलेंडरवर सगळ्यात आधी लिहा आणि उरलेल्या दिवसांत कामं बसवा. बहुतेक मंडळ्या रविवार पाळतात, काही शनिवार. पाळीची ड्यूटी असेल तर सलग चोवीस तास मिळतील तो दिवस घ्या आणि सामुदायिक उपासनेची वेळ वेगळी शोधा. दिवसावरून एकमेकांना दोष देऊ नये, हे रोमकरांस 14:5 सांगतं.

चौथी आज्ञा दोनदा येते आणि दोन वेगळी कारणं देते. निर्गम 20 मध्ये कारण आहे सृष्टीची निर्मिती. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारण आहे मिसरातली गुलामी: तुम्ही दास होता, म्हणून तुमचा दास, दासी, बैल, गाढव आणि तुमच्याकडे राहणारा परका यांनाही थांबू द्या. दुसरं कारण सहसा कुणी वाचत नाही.

तपासा: तुमच्या सुट्टीसाठी कुणाची सुट्टी मोडते? सगळ्यांचा विसावा आणि घरातल्या एकाच व्यक्तीचा दिवस स्वयंपाकघरात, असं होत असेल तर हा टप्पा झालेला नाही.

सावधान: "आधी सगळं संपवतो, मग थांबतो" असं म्हणू नका. सगळं कधीच संपत नाही. वाळवंटात इस्राएली लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं रोजचं अन्न, दुप्पट मिळालं ते सहाव्या दिवशी. सातव्या दिवशी बाहेर पडलेल्यांना काही सापडलं नाही (निर्गम 16).

## टप्पा 2: कामांची यादी करा आणि प्रत्येकासमोर एक माणूस लिहा

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे आठवडाभरात करता ती सगळी कामं लिहा. पगाराची आणि बिनपगाराची, दोन्ही. आजारी आईची औषधं, मुलांचा अभ्यास, कपडे, पाणी भरणं, अर्ज भरणं. बिनपगारी कामं यादीतून गळतात आणि मग ती करणारी माणसंही नजरेतून गळतात.

उजवीकडे लिहा: हे काम झालं तर कुणाचं भलं होतं? इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण ते "समाज", "कंपनी", "देश" असे शब्द लिहितात. चालणार नाही. चेहरा असलेला माणूस हवा, मग तो तुम्हाला प्रत्यक्ष भेटलेला नसला तरी हरकत नाही.

हिशेबनीस बिलं मंजूर करतो तेव्हा कुठल्या तरी छोट्या पुरवठादाराला वेळेवर पैसे मिळतात आणि तो त्याच्या माणसांचा पगार करतो. सफाई कर्मचारी वॉर्डची फरशी नीट पुसतो तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो. चाचणी करणारा तंत्रज्ञ सॉफ्टवेअरमधली चूक पकडतो तेव्हा कुणा अनोळखी म्हातारीचं पेन्शन अडकत नाही. हे शोधायला वेळ लागतो. घाई करू नका. ज्या कामासमोर माणूस सापडत नाही ते दोन दिवस तसंच मोकळं ठेवा आणि ते काम थांबलं तर पहिला फोन कुणाचा येईल याचा विचार करा.

प्रभूसाठी केलेलं काम पोचतं कुठे? देवाला आपल्या बिलांची, चादरींची गरज नाही. शेजाऱ्याला आहे. इफिसकरांस 4:28 मध्ये पौल चोराला सांगतो ते पाहा: चोरी सोड, हातांनी चांगलं काम कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याकडे काही असेल. घेणारा हात देणारा झाला, आणि मधला पूल कामाचा.

इथेच एक वचन नीट वाचून घ्या. "जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा" हे कलस्सैकरांस 3:23 भिंतीवर लावायला सगळ्यांना आवडतं. ते मुळात दासांना उद्देशून लिहिलं आहे, ज्यांच्या कामाला ना पगार होता ना मान. पौल त्यांना सांगतो की तुमचा खरा धनी ख्रिस्त आहे आणि वतन तो देईल. तीनच ओव्या पुढे, 4:1 मध्ये, धन्यांना आज्ञा आहे: दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. पहिली ओवी कामगारांना ऐकवून दुसरी गाळणारे मालक पुष्कळ भेटतात. तुमच्या हाताखाली माणसं असतील तर 4:1 तुमच्या वहीत पहिल्या पानावर हवी.

तपासा: उजवीकडच्या किती ओळींत फक्त "मी" किंवा "पगार" आहे? पगार हे वाईट कारण नाही. घरच्यांची नावं लिहा. पण कामाचा उपयोग होणारा माणूस आणि पगाराचा उपयोग होणारा माणूस अशी दोन्ही नावं हवीत.

## टप्पा 3: चाळणी लावा

सगळंच काम अर्पण करता येत नाही. यादीतल्या प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा: ठीक, काम ठीक पण पद्धत चुकीची, मुळातच चुकीचं.

मधल्या गटात सगळ्यात जास्त कामं पडतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले तेव्हा तो त्यांना नोकरी सोडा म्हणाला नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला. शिपायांना म्हणाला, कुणाला धमकावून पैसे काढू नका, खोटे आरोप करू नका, पगारात समाधानी राहा (लूक 3:12-14). तेच प्रश्न स्वतःला विचारा. खर्चाच्या पावत्या खऱ्या आहेत का? हजेरी खरी आहे का? मालातला दोष गिऱ्हाइकाला सांगितला का? दुसऱ्याने केलेल्या कामावर माझं नाव आहे का? कामगारांची मजुरी वेळेवर देतो का? लेवीय 19:13 मजुरी सकाळपर्यंत अडवू नका म्हणतं आणि अनुवाद 24:15 सूर्य मावळायच्या आत द्या म्हणतं. उपाशी माणसाला महिनाअखेर परवडत नाही, हे त्यामागचं साधं कारण. नीतिसूत्रे 11:1 मधला खोटा तराजू आज स्प्रेडशीटमध्ये असतो, एवढाच फरक.

तिसऱ्या गटातली कामं कमी असतात, पण असतात. इफिसमध्ये जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तकं विकून त्या पैशांचा दशांश दिला नाही. त्यांनी ती सर्वांदेखत जाळली. किंमत भरली चांदीची 50,000 नाणी (प्रेषितांची कृत्ये 19:19). लोकांना फसवण्यावर, व्यसनावर किंवा भीतीवरच ज्याची कमाई उभी आहे असं काम प्रार्थनेने शुद्ध होत नाही.

आता प्रार्थना मागे का ठेवली ते. मत्तय 5:23-24 मध्ये येशू म्हणतो, वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. काम हेच अर्पण असेल तर हा नियम त्यालाही लागू. आधी थकवलेले पैसे द्या, चुकीचा अहवाल दुरुस्त करा, ज्याचं श्रेय घेतलं त्याला ते परत करा. जक्कय नावाच्या जकातदाराने चौपट परत करायची तयारी दाखवली (लूक 19:8). तुम्ही निदान एकपट तरी करा.

सावधान: चाळणीनंतर त्याच रात्री राजीनामा लिहू नका. दानीएलाला राजाचं अन्न नको होतं, तेव्हा त्याने अधिकाऱ्याची अडचण समजून घेतली आणि दहा दिवस शाकभाजी आणि पाण्यावर आमची परीक्षा घ्या असा प्रस्ताव ठेवला (दानीएल 1). आधी पर्याय घेऊन वरिष्ठांकडे जा. नकार आला, तर निघण्याची तयारी करा, घरच्यांना विचारात घेऊन. हातून गुन्हा करवून घेतला जात असेल तर मात्र वाट पाहू नका. ते काम करायला त्याच दिवशी नाही म्हणा.

## टप्पा 4: सकाळचं अर्पण, दोन मिनिटांत

आता प्रार्थना. छोटी आणि नेमकी. आजचं पहिलं काम नावाने सांगा, त्याच्यासमोर लिहिलेला माणूस सांगा, आणि त्या कामात जिथे घसरायची शक्यता आहे ती जागा सांगा. उदाहरणार्थ:

"प्रभू, आज मला तेरा जणांचे पगार करायचे आहेत. त्यांच्या घरी वाट पाहणारी माणसं आहेत. मी घाईत आकडे तपासत नाही, ते मला तपासू दे. हे काम तुझं आहे."

स्तोत्र 90:17 मधली विनंती, आमच्या हातचं काम सिद्धीस ने, शेवटी जोडता येते. दिवसभरात वेळ नसेल तर नहेम्याकडून शिका: राजाने प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायच्या आत त्याने प्रार्थना केली (नहेम्या 2:4-5). तेवढी जागा प्रत्येक फोनच्या आधी असते.

नेहमीची चूक: रोज फक्त यश, बढती आणि ऑर्डर मागणं. मागायला हरकत नाही. पण सहा दिवसांत एकदाही सहकाऱ्याचं नाव आलं नाही तर दुसऱ्या टप्प्याचं पान पुन्हा उघडा.

## टप्पा 5: प्रत्यक्ष काम

इथे उलट, देवाचा विचार कमी करायला सांगतो आहे. शस्त्रक्रिया करताना सर्जनचं लक्ष जखमेवर हवं, स्तोत्रावर नको. एकाग्रता हेच त्या तासाचं अर्पण. अवजड वाहन चालवताना डोळे मिटून स्तुती करणाऱ्या चालकाच्या गाडीत मी बसणार नाही.

काम करताना तीन जागा सांभाळा. पहिली, न दिसणारा भाग: पलिस्तराखालची वायर, अहवालातली तळटीप, कपाटामागची धूळ. इफिसकरांस 6:6 मध्ये माणसांना दिसावं म्हणून केलेल्या चाकरीबद्दल इशारा आहे. दुसरी, कामाचा शेवटचा दहावा भाग, जिथे "चालतंय" हा शब्द येतो. तिसरी, तुमच्याशी बरोबरी नसलेल्या माणसाशी बोलण्याची पद्धत. शेतमालक बवाज शेतात येतो तेव्हा कापणी करणाऱ्यांना आधी अभिवादन करतो, परमेश्वर तुमच्याबरोबर असो. मग चौकशी करतो (रूथ 2:4).

साक्ष देण्याबद्दल लोक फार गोंधळतात. पगाराच्या वेळेत सहकाऱ्याला धरून तासभर सुवार्ता सांगणं म्हणजे मालकाचा तास घेणं. 1 थेस्सलनीकाकरांस 4:11-12 मध्ये क्रम स्पष्ट आहे: शांत राहा, आपापलं काम करा, हातांनी काम करा, म्हणजे बाहेरच्यांशी तुमचं वागणं शोभेल. विचारलं तर सौम्यतेने उत्तर द्या (1 पेत्र 3:15). आणि जेवणाची सुट्टी असतेच.

तपासा: मार्था पाहुणचारात गुंतलेली आणि तिची बहीण मरिया येशूचं ऐकत बसलेली, हा प्रसंग (लूक 10:38-42) स्वयंपाकाविरुद्ध म्हणून वापरला जातो. येशू मार्थेला काळजी आणि दगदगीबद्दल बोलतो. हात कामात असताना मन चिडून बहिणीची तक्रार करत असेल, तर काम थांबवा, पाच मिनिटं बसा, मग परत लागा.

## टप्पा 6: काटा की अन्याय, हे ओळखा

कंटाळा, बिघडलेलं यंत्र, तिरसट गिऱ्हाईक, पुन्हा पुन्हा करावं लागणारं तेच काम: हे उत्पत्ती 3 मधले काटे. ते सोसावे लागतात, आणि सोसताना कुरकुर केली तरी चालते. स्तोत्रकर्ते भरपूर कुरकुर करतात.

बुडवलेली मजुरी, शिवीगाळ, लैंगिक त्रास, जीव धोक्यात घालणारी जागा: हे काटे नाहीत. याकोब 5:4 म्हणतं, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी पोचला आहे. अशा वेळी "वधस्तंभ समजून सोसा" हा सल्ला देणाऱ्यापासून जरा लांब राहा. फिलिप्पैमध्ये पौलाला बेकायदा फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी गुपचूप सोडायला निघाले तेव्हा तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं (प्रेषितांची कृत्ये 16:37). कायद्याचा आधार घेणं विश्वासाला कमीपणा आणत नाही. आणि दासाला तो लिहितो की मोकळं होता येत असेल तर ती संधी घे (1 करिंथकरांस 7:21).

साधा मतभेद असेल तर मत्तय 18:15 प्रमाणे आधी एकांतात बोला. छळ असेल तर छळणाऱ्याला एकट्याने भेटायला जाऊ नका. तारीखवार नोंद ठेवा, विश्वासू माणसाला सोबत घ्या, लेखी तक्रार करा.

## टप्पा 7: संध्याकाळी हिशेब आणि सुपूर्दगी

ठरलेल्या वेळी काम थांबवा आणि वहीत तीन ओळी लिहा: आज काय नीट झालं, कुठे चुकलं, काय अर्धवट राहिलं. पहिल्याबद्दल आभार, दुसऱ्याबद्दल क्षमा. माणसाचीही मागायची असेल तर उद्या कुणाकडे जायचं तेही लिहा. तिसरी ओळ वाचून वही मिटा. स्तोत्र 127:2 पहाटे उठून उशिरापर्यंत कष्टाची भाकर खाणाऱ्याला व्यर्थ म्हणतं, कारण देव आपल्या प्रियाला झोपही देतो.

गुण देऊ नका. "आज दहापैकी सात" असं सुरू झालं की पूर्वतयारीतला तिसरा गैरसमज मागच्या दाराने परत आलेला असतो.

## काम नसेल तेव्हा

नोकरी गेलेल्यांना 2 थेस्सलनीकाकरांस 3:10 ऐकवणारे असतात. ती ओवी काम करायची *इच्छा* नसलेल्यांबद्दल आहे. काम न मिळालेल्यांबद्दल, आजारी किंवा वृद्ध माणसांबद्दल नाही. मत्तय 20 मधल्या दाखल्यात संध्याकाळपर्यंत चौकात उभे राहिलेले मजूर सांगतात, आम्हाला कुणी कामाला लावलं नाही. मालक त्यांना आळशी म्हणत नाही. मळ्यात पाठवतो आणि पूर्ण दिवसाची मजुरी देतो.

अशा काळात पहिला आणि दुसरा टप्पा तसाच ठेवा. थांबायची वेळ पाळा, कारण काम शोधण्यालाही शेवट नसतो. यादीत अर्ज, मुलाखतीची तयारी, घरातली कामं आणि एक तरी असं काम ठेवा ज्याच्यासमोर घराबाहेरच्या माणसाचं नाव आहे. मंडळीतल्या इतरांनी करायची गोष्ट वेगळी: "प्रार्थना करतो" म्हणून निघून जाऊ नका. त्याच्या बायोडेटाची प्रत मागून घ्या, आणि या महिन्याचं भाडं भरलं गेलं का ते विचारा.